उबंटू २०.०४ वरून २४.०४ वर: रामबागेतल्या एका संगणकाची हलवाहलव

इंदूरच्या रामबागेत अण्णांकडे असलेला संगणक उबंटू २०.०४ या लिनक्स कार्यप्रणालीवर चालत होता. त्या आवृत्तीचा नेहमीचा आधार मे २०२५ मध्ये संपला. तेवढ्यावर आणखी वर्षभर ढकलता आलं असतं, पण डिस्क ऐकेना. डिस्कची तब्येत सांगणाऱ्या स्मार्टसीटीएलमध्ये 'रिअलोकेटेड सेक्टर'चा, म्हणजे खराब होऊन बदललेल्या तुकड्यांचा, आकडा १६ होता, दोन आठवड्यांनी तो ४० झाला. हा आकडा नुसता असला तर चालतं, वाढत असला तर थांबू नये. आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमधून नवा डबा आला आणि एका शनिवारी दुपारी आम्ही दोघं कामाला बसलो. अण्णांची मागणी एवढीच होती: "गणपतीच्या पावत्या आणि माझा मराठी कळफलक सांभाळा, बाकीचं तुम्ही बघा."

(आज्ञा आणि फोल्डरांची नावं खाली उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये अर्थात रोमनच टंकायची.)

नव्या संगणकावर २४.०४ आधीच टाकलेलं होतं, पण पहिलं खातं दुकानदाराच्या नावाचं. हे वरवर किरकोळ वाटतं. उबंटूत पहिल्या खात्याला १००० हा क्रमांक मिळतो, दुसऱ्याला १००१. फायलीवर मालकाचं नाव नसतं, हा क्रमांक असतो. जुनी डिस्क बाहेरून जोडून सुडोने, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, सगळं उतरवलं की अण्णांच्या फायली दुकानदाराच्या खात्याच्या होऊन बसतात. मालक बदलणाऱ्या चाउन या आज्ञेने ते निस्तरता येतं, पण आम्ही सरळ पुन्हा इन्स्टॉल केलं. अर्धा तास गेला. खात्याचं नाव जुनंच ठेवलं, अक्षरन् अक्षर तेच, आणि डिस्क पूर्ण कूटबद्ध करण्याचा पर्याय निवडला. नाव तेच ठेवण्याचा फायदा नंतर कळतो: कित्येक सेटिंग्जमध्ये '/होम/अण्णा/' हा पूर्ण पत्ता कोरलेला असतो. नाव बदललं तर लाँचर, 'अलीकडच्या फायली', पायथनची आभासी वातावरणं, सगळ्यांत एकेक करून दुरुस्ती करावी लागते.

कूटबद्धीकरण पूर्ण डिस्कचं घ्यावं, फोल्डरापुरतं नको. फोल्डरापुरत्या ईक्रिप्टएफएस पद्धतीत फाइलच्या नावाला १४३ बाइटच मिळतात. लिनक्सच्या नेहमीच्या ईएक्सटी४ या फाइल-मांडणीवर २५५ मिळतात. देवनागरीचं एकेक चिन्ह, काना-मात्रा-वेलांटीही, ३ बाइट घेतं. म्हणजे २५५ बाइटमध्ये ८५ चिन्हं मावतात आणि १४३ मध्ये जेमतेम ४७. 'गणेशोत्सव २००९ जमाखर्च अंतिम दुरुस्त प्रत कार्यकारिणीच्या सहीसाठी' असं नाव देणाऱ्या माणसाच्या संगणकावर हा हिशोब आधी केलेला बरा.

जुन्या होममध्ये, म्हणजे अण्णांच्या स्वतःच्या फोल्डरात, २१२ जीबी भरलेलं होतं. त्यातलं किती खरं, हे हलवण्याआधी बघायचं असतं. जागा मोजणारी डीयू ही आज्ञा लावल्यावर दिसलं की कचरापेटीतच ३१ जीबी आहे ('.लोकल/शेअर/ट्रॅश' ही होमच्याच आत असते, ती डोळ्यांआड राहते), '.कॅश'मध्ये ११ जीबी आणि डाउनलोड्समध्ये जुन्या आयएसओ फायली ९ जीबी. ते सगळं अण्णांना विचारून काढलं. उरलं १६१ जीबी.

पेनड्राइव्हने हे काम करू नये. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. एक्सफॅटवर बसते, पण तिथे लिनक्सच्या परवानग्या राहत नाहीत, सिम्बॉलिक लिंका राहत नाहीत आणि नावात विसर्गचिन्हासारखा कोलन असला तर फाइल उतरतच नाही. एसएसएचची (दुसऱ्या संगणकात शिरण्याच्या सोयीची) खाजगी चावी अशा ड्राइव्हवरून परत आणली की तिच्या परवानग्या सगळ्यांना खुल्या झालेल्या असतात आणि एसएसएच ती वापरायला नकार देतं. पेनड्राइव्हच वापरायचा असेल तर आधी टारने सगळं एका फायलीत बांधून एक पेटी करावी आणि ती न्यावी. परवानग्या टारच्या आत राहतात.

आम्ही दोन संगणकांमध्ये थेट लॅन केबल लावली. गिगाबिट पोर्टांना उलटी-सुलटी केबल लागत नाही, ती ओळख पोर्ट स्वतःच करून घेतं. नव्या संगणकावर त्या जोडणीचं आयपीव्ही४ 'इतर संगणकांशी वाटून घेतलेलं' असं केलं, म्हणजे तो १०.४२.०.१ होतो आणि समोरच्याला पत्ता आपोआप देतो. ओपनएसएसएच-सर्व्हर उबंटूच्या डेस्कटॉपवर मुळात नसतो, तो नव्यावर टाकून घेतला.

पहिल्या दहा मिनिटांतच गाडी अडली. वेग ११ एमबी प्रति सेकंदाच्या वर जाईना. या वेगाने १६१ जीबीला चार तास. ११ हा आकडा दिसला की डिस्कवर संशय घ्यायचा नाही, ती १०० मेगाबिटची खूण आहे. जोडणीचा वेग सांगणारं ईथटूल लावलं तर 'स्पीड: १००' असंच आलं. केबलचं टोक उजेडात धरून बघितलं: आठपैकी चारच तारा क्लिपमध्ये दाबलेल्या. १०० मेगाबिटला चार तारा पुरतात म्हणून अशी केबल वर्षानुवर्षं राउटरला लागलेली असते आणि कुणाला काही जाणवत नाही. गिगाबिटला आठही लागतात. केबल बदलल्यावर मोठ्या फायलींना ९० पर्यंत वेग आला, बारक्या फायलींना मात्र २०-३०च. तिथे अडतं ते फिरत्या डिस्कच्या सुईपाशी, केबलपाशी नाही. सगळं मिळून सव्वा तास लागला.

आता आज्ञा. फायली उतरवणाऱ्या आरसिंक या साधनाला मोठ्या-लहान अक्षरांचा फरक कळतो, तेव्हा जपून: लहान 'ए', मग मोठी 'एच', 'ए', 'एक्स'. लहान 'ए' परवानग्या, तारखा, लिंका सांभाळतो. मोठा 'एच' हार्ड लिंका, मोठे 'ए' आणि 'एक्स' जादा परवानग्या व गुणधर्म. त्यापुढे 'इन्फो बरोबर प्रोग्रेस२', म्हणजे फाइलगणिक ओळ न येता एकूण टक्केवारी दिसते. दाबून पाठवण्याचा 'झेड' पर्याय लावू नये. थेट केबलवर जुना प्रोसेसरच त्यात दमतो आणि वेग घटतो. पहिल्यांदा लहान 'एन' लावून कोरडी फेरी, म्हणजे काहीही न उतरवता नुसती यादी.

कोरड्या फेरीचा उपयोग मुख्यतः एका तिरक्या रेघेसाठी. स्रोताच्या नावाच्या शेवटी तिरकी रेघ दिली तर आतला ऐवज जातो, नाही दिली तर फोल्डर स्वतः जातो आणि 'अण्णा'च्या आत आणखी एक 'अण्णा' तयार होतो. कितीही वर्षं आरसिंक वापरलं तरी ही चूक होते, म्हणून पहिली पाचसात नावं वाचल्याशिवाय 'एन' काढायचा नाही.

आम्ही होम होमवर ओतलं नाही. पुष्कळ जण तसं करतात आणि मग अडकतात. डॉटने सुरू होणारं जुनं सगळं नव्यावर चढवलं की उबंटूचा डेस्कटॉप मांडणाऱ्या जीनोमच्या ३.३६ या आवृत्तीची सेटिंग्ज जीनोम ४६ वर बसतात. जीनोम ४५ मध्ये एक्स्टेन्शनांची लिहिण्याची पद्धतच बदलली, त्यामुळे त्याआधीची एकही तशीच्या तशी चालत नाही. म्हणून आमची रीत अशी: दस्तऐवज, चित्रं, संगीत ही उघडी फोल्डरं आपापल्या जागी, आणि लपलेलं सगळं 'जुनं-होम' नावाच्या एका फोल्डरात. मग त्यातून लागेल तेवढंच हाताने उचलायचं. वेळ थोडा जास्त जातो, पण काय कुठून आलं ते ठाऊक असतं.

फेऱ्या दोन केल्या. पहिली अण्णा संगणकावर काम करत असतानाच. दुसरी त्यांना लॉगआउट करायला लावून, कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबून नुसत्या टर्मिनलमधून. ब्राउझर आणि मेल उघडे असताना त्यांचे डेटाबेस अर्धवट लिहिलेले असतात. तसे उचलले की फायरफॉक्सच्या बुकमार्कांची फाइल फुटकी निघू शकते. दुसऱ्या फेरीत फक्त बदललेलं जातं, तिला चार मिनिटं लागली. पहिल्या फेरीअखेर आरसिंकने २४ हा निर्गमन-अंक (काम संपताना मिळणारा) दिला होता. याचा अर्थ 'चालू असताना काही फायली नाहीशा झाल्या', आणि चालत्या संगणकावर तो येणारच. २३ आला तर मात्र वर सरकवून वाचायचं, कारण काही फायली खरोखरच गेलेल्या नसतात. आमच्याकडे दुसऱ्या फेरीत २३ आला. एका अल्बमातल्या सात छायाचित्रांवर वाचनदोष होता, तेच खराब झालेले सेक्टर. त्या सात जुन्या बॅकअपमधून काढाव्या लागल्या.

मधे पावसाच्या सरीबरोबर वीज गेली. यूपीएसने दहाबारा मिनिटं धरलं, मग नवा डबा बंद पडला. आरसिंकचं सुख हेच की तीच आज्ञा पुन्हा दिली की झालेलं सोडून पुढे चालतं. नुसती जोडणी तुटून मोठी व्हिडिओ फाइल अर्ध्यावर राहिली असेल तर 'पार्शल' पर्याय आधीपासून लावलेला असावा, नाहीतर ती पहिल्यापासून.

फायरफॉक्समध्ये गोम आहे. २०.०४ वर ते साध्या पॅकेजमधून येतं आणि प्रोफाइल '.मोझिला/फायरफॉक्स'मध्ये असतं. २४.०४ वर ते स्नॅप, म्हणजे स्वतःच्या बंद पेटीत चालणारं पॅकेज, आहे आणि तेच प्रोफाइल 'स्नॅप/फायरफॉक्स/कॉमन/.मोझिला/फायरफॉक्स'मध्ये हवं. जुन्या जागी ठेवलेलं प्रोफाइल स्नॅप पहिल्यांदा उघडताना स्वतः उचलतं, पण एकदाच. आपण आधी नुसतं उघडून बघितलं असेल तर रिकामं नवं प्रोफाइल तयार होतं आणि मग ते जुन्याकडे ढुंकून बघत नाही. आमचं तेच झालं. ब्राउझर बंद करून प्रोफाइलचं फोल्डर योग्य जागी ठेवलं, 'प्रोफाइल्स.आयएनआय'मध्ये त्याचं नाव घातलं आणि 'अबाउट:प्रोफाइल्स' पानावरून ते मुख्य केलं. त्यानंतर 'तुम्ही फायरफॉक्सची जुनी आवृत्ती उघडली आहे' असा अडसर आला. प्रोफाइल नव्या आवृत्तीने वापरलेलं असेल तर जुनी आवृत्ती ते घेत नाही, आणि इन्स्टॉलरबरोबर आलेलं स्नॅप अण्णांच्या अद्ययावत फायरफॉक्सपेक्षा मागचं होतं. स्नॅप रिफ्रेश केल्यावर उघडलं. साठवलेले पासवर्ड 'लॉगिन्स.जेसन' आणि 'की४.डीबी' या दोन फायलींत मिळून असतात. एकच नेली तर काही उपयोग नाही.

मेलसाठी थंडरबर्ड. अण्णांचं खातं पीओपीवर होतं, म्हणजे सर्व्हरवरची पत्रं उतरवून तिथली पुसली जात होती. २००८ पासूनचा पत्रव्यवहार जगात फक्त या एका डिस्कवर. अशा वेळी प्रोफाइलमधलं 'मेल' फोल्डर हा खरा ऐवज. 'इमॅपमेल' असेल तर ते सोडलं तरी चालतं, ते सर्व्हरवरून पुन्हा येतं. इनबॉक्स ही एकच लांबलचक फाइल असते आणि पुसलेली पत्रंही 'कॉम्पॅक्ट' करेपर्यंत तिच्यात पडून असतात. जुन्या संगणकावरच कॉम्पॅक्ट केल्यावर ६.२ जीबीची २.८ जीबी झाली.

आता मराठीकडे. इथे सगळ्यात जास्त वेळ गेला आणि इथेच बहुतेकांचं काहीतरी मागे राहतं. अण्णा रोमनवरून मराठी टंकतात, आयबस या टंकन-सोयीच्या एम१७एनमधली 'आयट्रान्स' पद्धत. ही निवड जीनोमच्या डीकॉन्फ या सेटिंग्ज-साठ्यात असते, साध्या फाइलमध्ये नाही. '.कॉन्फिग/डीकॉन्फ/यूजर' ही फाइल द्विमान (बायनरी) असते आणि लॉगिन केलेलं असताना ती बदलून ठेवली तर चालू सत्र तिच्यावर पुन्हा लिहू शकतं. म्हणून जुन्यावर 'डीकॉन्फ डम्प' करून मजकूर काढला आणि नव्यावर फक्त तीन शाखा 'डीकॉन्फ लोड'ने घातल्या: इनपुट-सोर्सेस, खिडक्यांचे कळजोड आणि टर्मिनल. शाखेच्या नावाला सुरुवातीला आणि शेवटी तिरकी रेघ हवीच. लोड करूनही मेनूत मराठी दिसेना, कारण 'आयबस-एम१७एन' हे पॅकेजच नव्यावर नव्हतं. ते टाकून लॉगआउट-लॉगिन केल्यावर दिसलं. ₹ हे चिन्ह अण्णांनी कधीकाळी कळी बदलणाऱ्या एक्समॉडमॅपने एका कळीवर बसवून घेतलं होतं. ती आज्ञा '.एक्सप्रोफाइल'मध्ये होती, आणि २४.०४ वेलँड या नव्या पडदा-व्यवस्थेच्या ज्या सत्रात उघडतं तिथे ती चालत नाही. त्याऐवजी 'इंग्रजी (भारत, रुपया)' हा मांडणीप्रकार निवडला, उजव्या आल्टसह ४ दाबलं की ₹ येतं.

मग पावत्या. १९९९ ते २००७ पर्यंतच्या पावत्या, वर्गणीच्या याद्या, पालिकेला लिहिलेली हिंदी पत्रं, सगळं कृतिदेव या युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये. नव्यावर पहिली फाइल उघडली आणि पडद्यावर रोमन गिचमीड. कृतिदेवमध्ये 'मराठी' हा शब्द प्रत्यक्षात ई, जे, के, बी, एच अशा पाच रोमन अक्षरांचा असतो, देवनागरी ती फक्त त्या फॉन्टच्या चष्म्यातून. फाइल शाबूत असते, चष्मा हरवलेला असतो. फॉन्ट होममध्ये सापडेनात, कारण पूर्वी कुणीतरी ते सुडोने '/यूएसआर/शेअर/फॉन्ट्स'खाली टाकले होते. यावर उपाय सोपा: दोन्ही संगणकांवर एफसी-लिस्टने फॉन्ट-कुळांची यादी काढून सॉर्ट करावी आणि डिफने ताडावी. तेवीस कुळं कमी निघाली. त्यातली कामाची नऊ '.लोकल/शेअर/फॉन्ट्स'मध्ये ठेवली, एफसी-कॅश चालवलं, आणि पावती क्रमांक १ पुन्हा वाचता आली. पुढच्या खेपेला ते होमसोबतच येतील. युनिकोडसाठी मुक्ता आणि शोभिका हे दोन खुले फॉन्ट नव्याने घातले.

लिब्रेऑफिसमधून '.कॉन्फिग/लिब्रेऑफिस/४/यूजर' उचललं. आवृत्ती कुठलीही असो, तो ४ तसाच असतो. त्यातल्या 'वर्डबुक'मध्ये अण्णांनी वर्षानुवर्षं 'शब्दकोशात घाला' म्हणून टिचकी मारलेले शब्द असतात. एवढं एक फोल्डर मागे राहिलं तर त्यांच्या प्रत्येक मजकुराखाली पुन्हा लाल रेघांचं रान.

एका फोल्डरात 'सड़क मरम्मत' नावाची दोन फोल्डरं शेजारी शेजारी दिसली, नाव हुबेहूब तेच. आम्हाला आधी वाटलं आपणच दोनदा उतरवलं. तसं नव्हतं, जुन्यावरही दोनच होती. हिंदीतला ड़ दोन तऱ्हांनी साठवता येतो: एकच चिन्ह म्हणून, किंवा ड आणि खाली नुक्ता अशी दोन चिन्हं म्हणून. ईएक्सटी४ बाइट बघतं, रूप नाही, त्यामुळे तिच्या लेखी ही दोन वेगळी नावं. मराठीतला ऱ्यातला ऱ देखील असाच दुहेरी आहे. कॉन्व्हएमव्ही हे साधन अशी नावं एकसारखी करून देतं, पण हलवाहलव चालू असताना नावांना हात लावू नये. पडताळणी सगळी नावावर उभी असते.

पडताळणी म्हणजे आधी दोन्हीकडच्या फायलींची मोजणी, मग आरसिंकची 'सी' लावलेली कोरडी फेरी. ती प्रत्येक फाइल दोन्हीकडे पूर्ण वाचून ताडते, म्हणून रात्रभर लावून ठेवली. डीयूचे आकडे ताडत बसू नये, तोच ऐवज दोन डिस्कांवर थोडा कमी-जास्त भरतो.

होमबाहेरचं उरलं. हाताने टाकलेल्या पॅकेजांची यादी 'एपीटी-मार्क शोमॅन्युअल' देतं. ती डोळे मिटून नव्यावर ओतायची नाही, वाचून दहाबारा नावं घ्यायची. छपाईयंत्र एचपी लेझरजेट १०२०: हे चालू करताना दर वेळी संगणकाकडून फर्मवेअर मागतं, आणि त्यासाठी एचपीलिप या चालक-संचाचं प्लगइन त्याच आवृत्तीचं लागतं. जुनं प्लगइन नेऊन चालत नाही, 'एचपी-प्लगइन' चालवून नवं उतरवावं. सुरू होताना कोणत्या डिस्का जोडायच्या ते सांगणाऱ्या एफस्टॅबमधली बॅकअप-डिस्कची ओळ उचलताना तिच्यात 'नोफेल' घातलं. ते नसेल आणि ती डिस्क जोडलेली नसेल तर संगणक सुरू होताना ९० सेकंद वाट बघतो आणि मग आणीबाणीच्या काळ्या पडद्यावर येऊन थांबतो. आपण तिथे असलो तर ठीक, अण्णा एकटे असले तर फोन येणार.

ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या आज्ञांचा क्रॉनटॅबही होममध्ये नसतो, '/व्हार/स्पूल/क्रॉन'खाली असतो. 'क्रॉनटॅब -एल' करून बघितलं तर एकच ओळ होती: दर रविवारी दुपारी १ वाजता होम बॅकअप-डिस्कवर आरसिंक, 'डिलीट' पर्यायासह (स्रोतात नसलेलं बॅकअपमधूनही पुसणारा). ती नव्यावर घातली, आणि जुन्यावरची तिथल्या तिथे हॅश लावून बंद केली. जुना डबा आता वरच्या माळ्यावर आहे, डिस्क न पुसता. काही राहिलं म्हणून कुणी तो एखाद्या रविवारी चालू केला आणि बॅकअप-डिस्क त्याला जोडली, तर त्या ओळीने नव्या संगणकाचा सगळा बॅकअप पुसून जुना वर लिहिला असता. डब्यावर कागद चिकटवला आहे: 'बॅकअप-डिस्क याला जोडू नये.'